जुन्या डी अँड डीमध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ) जादूगाराला मंत्र 'येणं' आणि 'पाठ असणं' यात फरक काय?

प्रश्न असा, की वहीत ४ मंत्र असून पहिल्या पातळीचा जादूगार दिवसात एकच का टाकू शकतो?

कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांबद्दल सांगतो, धरमपेठेतल्या आमच्या रविवारच्या टेबलावर तेच चालतात.

आधी मंत्र यावा लागतो. मंत्र लिहिलेली गुंडाळी सापडली की बुद्धीच्या आकड्यावरून टक्केवारी बघायची: बुद्धी १५ असेल तर ६५, १८ असेल तर ८५. दोन दहा-बाजूंचे फासे टाकायचे, म्हणजे १ ते १०० मधला आकडा मिळतो; तो टक्केवारीइतका किंवा कमी आला तरच मंत्र आला. गेल्या उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत, आमच्या पोट्ट्यानं 'स्लीप' या मंत्रासाठी फासे टाकले आणि ७१ पडले. बुद्धी १५. टेबल एकदम चूप! मंत्र हातचा गेला. नंतर पुन्हा संधी मिळते, पण बुद्धीनं ठरवलेला मंत्रांचा किमान आकडा भरला नसेल तरच. कमाल मर्यादाही असतेच, १५ ला प्रत्येक पातळीचे ११ मंत्र. मला हा नियम मनापासून आवडतो, त्यामुळे दोन जादूगार कधीच सारखे होत नाहीत.

मग पाठांतर. झोप झाली की वही उघडून मंत्राच्या पातळीमागे १५ मिनिटं. पाठ केलेला मंत्र डोक्यात एक जागा घेतो, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे अशी एकच जागा असते, म्हणून दिवसाला एकच. टाकला की डोक्यातून पुसला जातो. एकच मंत्र दोनदा हवा तर दोन जागा खर्चून दोनदा पाठ करा.

१९८१ च्या बेसिक संचात ही टक्केवारी नाहीच, म्हणून कोणतं पुस्तक चालू आहे ते डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधी विचारून घ्या.