‘चीज झालं’ की ‘चीज झाली’?

एका वाचकाने ‘कट्यार काळजात घुसली’ हा २०१५ सालचा चित्रपट नुकताच पहिल्यांदा पाहिला आणि भारावून जाऊन घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘राहुल देशपांडे आणि महेश काळे यांनी इतकी वर्षं जो रियाज केला, त्याचं चीज झालं!’ गाणं शिकणाऱ्या बहिणीने लगेच हटकलं. चीज ही स्त्रीलिंगी आहे, क्लासमध्ये सगळे ‘ही चीज यमनमधली’ असंच म्हणतात, तेव्हा ‘चीज झाली’ पाहिजे, असं तिचं म्हणणं. आता दोघांनी मिळून विचारलं आहे की बरोबर कोण, हे दोन शब्द वेगळे आहेत की एकच, आणि चित्रपट पाहताना कानावर पडलेल्या गवयाच्या ‘हरकती’चा आपल्या ‘हरकत नाही’शी काही संबंध आहे का.

भाऊ बरोबर आहे. बहीणही बरोबर आहे, फक्त तिचा नियम या वाक्याला लागू होत नाही. कष्टांचं, मेहनतीचं, आयुष्याचं ‘चीज होतं’, तिथे ते नपुंसकलिंगी. गवई गातो ती ‘चीज’ स्त्रीलिंगी. आणि शब्द मुळात एकच आहे.

फारसीत ‘चीज’ म्हणजे वस्तू, कुठलीही गोष्ट. फारसीत व्याकरणिक लिंग नाहीच, त्यामुळे तिकडून आलेल्या प्रत्येक शब्दाला लिंग मराठीने आपलं आपण दिलं आहे. ‘वस्तू’ स्त्रीलिंगी, ‘गोष्ट’ स्त्रीलिंगी, तशी ही ‘चीज’सुद्धा स्त्रीलिंगी झाली. ‘पैसा ही काय चीज आहे ते उपाशी माणसाला विचारा’ या वाक्यात ती आपल्या मूळ अर्थाने आजही आहे. ‘चीजवस्तू’ या जोडशब्दातही ती आहे. अशा जोड्या जमवण्याची मराठीला भारी हौस. एक शब्द फारसी-अरबीतून आलेला, दुसरा घरचा, दोघांचा अर्थ एकच : कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज. दफ्तरातला माणूस एक शब्द बोलायचा, गावातला दुसरा, आणि दोघांनाही कळावं म्हणून दोन्ही शेजारीशेजारी बसले. मला या जोड्या फार आवडतात. शेकडो वर्षांचा शेजार त्यांत एका दमात उच्चारला जातो.

वस्तूवरून गाण्याकडे हा शब्द कसा गेला, हे समजायला तुमचा चित्रपटच उत्तम आहे. घराण्याच्या गवयाकडे इस्टेट म्हणून काय असायचं? रागांची समज, गळ्याची तयारी, आणि गुरूकडून मिळालेल्या बंदिशी. यांतली समज आणि तयारी दुसऱ्याला उचलून देता येत नाहीत. बंदिश मात्र देता येते, लपवता येते, चोरून ऐकून नेताही येते. म्हणून ती ‘चीज’. विश्रामपूरच्या दरबारात खाँसाहेब आफताब हुसेन आणि पंडित भानुशंकर यांच्यात जो संघर्ष आहे, तो नुसता कोण जास्त सुरेल गातो याचा नाही. पंडितजींचा तरुण शिष्य सदाशिव याला खाँसाहेबांची गायकी हवी आहे आणि खाँसाहेबांना ती द्यायची नाही. विद्या ही मालमत्ता असल्याखेरीज हे नाट्य उभंच राहत नाही. गवयांचं बोलणं ऐकलंत तर तिथेही हाच व्यवहार दिसेल. ‘ही चीज मला बुवांनी दिली’, ‘ती चीज मिळवायला फार खेटे घातले’, ‘त्यांच्याकडे या रागातल्या खास चिजा आहेत’. देणं, मिळणं, जवळ असणं ही सगळी क्रियापदं वस्तूची आहेत.

‘बंदिश’ आणि ‘चीज’ यांच्यातला फरकही यातच आहे. ‘बंदिश’ हाही फारसीच शब्द. ‘बंद’ म्हणजे बांधणं, तेव्हा शब्द, स्वर आणि ताल एकत्र बांधलेली रचना ती बंदिश. रचनेचा घाट सांगायचा असला की माणूस ‘बंदिश’ म्हणतो, तिची मालकी किंवा मोल सांगायचं असलं की ‘चीज’. हा काटेकोर नियम नाही, बोलण्याचा कल आहे. जुन्या पिढीतले गवई तर दोन्हीसाठी सरसकट ‘चीज’च म्हणायचे.

ख्याल, म्हणजे राग विस्ताराने मांडणारी गायकी, महाराष्ट्रात रुजवण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा (१८४९–१९२६) वाटा मोठा. ग्वाल्हेरच्या परंपरेतलं गाणं त्यांनी वासुदेवबुवा जोशींकडे शिकून दक्षिणेत आणलं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँ आले, मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले. या मंडळींबरोबर गायकी आली तशी तिची भाषाही आली : चीज, हरकत, मुरकी (स्वरांची छोटी वळणदार लकेर), तालीम, गंडा (गुरूने शिष्याला बांधायचा धागा). ‘चीज’ हा शब्द वस्तू या अर्थाने मराठीत आधीपासून होताच. गवयांनी त्याला नवा अर्थ दिला, लिंग मात्र जुनंच ठेवलं. बहिणीच्या क्लासमध्ये जी ‘ही चीज’ ऐकू येते, ती अशी थेट वारशाने आलेली आहे.

आता भावाच्या वाक्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘कष्टांचं चीज झालं’ यात चीज म्हणजे साधी वस्तू नव्हे, मोलाची वस्तू. कष्ट वाया गेले नाहीत, त्यांचं काहीतरी मोलाचं झालं. इथे लिंग का बदललं? माझं मत असं की, वाक्प्रचाराच्या साच्याने ते बदलून घेतलं. ‘अमक्याचं तमकं होणं’ किंवा ‘करणं’ असा एक साचा मराठीत आहे, आणि त्यात नपुंसकलिंगी शब्दांची गर्दी पाहा : संधीचं सोनं झालं, जन्माचं सार्थक झालं, संसाराचं वाटोळं झालं, अन्नाचं मातेरं झालं, रक्ताचं पाणी केलं, जिवाचं रान केलं. या पंगतीत ‘चीज’ जाऊन बसलं आणि ‘सोनं’, ‘सार्थक’ यांच्यासारखं वागू लागलं. ‘राईचा पर्वत’ असे पुल्लिंगी अपवाद आहेत, पण ‘चीज’ला अर्थाने सर्वांत जवळचे शब्द सोनं आणि सार्थक हेच, आणि ते दोन्ही नपुंसकलिंगी.

हे ‘चीज’ त्या साच्यात गोठलेलं आहे, याचा एक पुरावा सहज तपासता येईल. गाण्यातल्या चिजेचं अनेकवचन होतं, तिला विभक्ती लागते : दोन चिजा गायल्या, चिजेचा मुखडा, चिजेत शब्द कमी. कष्टांच्या चीजाचं असं काही करून पाहा. ‘दोघांच्या कष्टांची दोन चीजं झाली’ असं कुणी म्हणत नाही. ‘या चीजामुळे’ असंही नाही. ते ‘होणे’ आणि ‘करणे’ यांना धरूनच राहतं, बाहेर पडत नाही. स्त्रीलिंगी चीज सगळीकडे हिंडते.

एकाच शब्दाची दोन लिंगं आणि दोन अर्थ हे आपल्याला नवीन नाही. ‘वेळ’ घ्या. ‘जेवायची वेळ झाली’ आणि ‘फार वेळ गेला’. क्षण सांगायचा तेव्हा ती वेळ, अवधी सांगायचा तेव्हा तो वेळ. शाळेत कुणी शिकवत नाही, तरी मराठी माणूस यात चुकत नाही. ‘चीज’चंही तसंच आहे, आणि वाचकाने जे लिहिलं ते याच जाणिवेतून आपोआप बरोबर लिहिलं.

आणि तुम्ही ज्या चित्रपटाबद्दल लिहिलंत, त्यात दोन्ही अर्थ एकमेकांना भिडतात, म्हणून हा प्रश्न मला इतका आवडला. खाँसाहेब वर्षानुवर्षं पंडितजींकडून हरत आलेले. त्यांच्याकडे विद्या आहे, तयारी आहे, एकाहून एक चिजा आहेत. शेवटी ते जिंकतात, पण समोरच्याचा आवाज गेल्यामुळे. कट्यार हाती येते, हवेली मिळते, राजगायकाचा मान मिळतो, आणि तरी त्या माणसाच्या कष्टांचं चीज झालं असं प्रेक्षकाला वाटत नाही, त्यालाही वाटत नाही. खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांच्या चेहऱ्यावर ती ठसठस शेवटपर्यंत दिसते. मला हे त्यांचं आजवरचं सर्वांत मोठं काम वाटतं. शंकर महादेवन यांचे पंडितजी याच्या अगदी उलट, शांत. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या. शब्द तेच, पण दोन स्वभाव ऐकू येतात. चिजेचं चीज कसं करावं, हे त्या दोन गाण्यांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळालेलं नाही. वर लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचलंत तर लिंगाचा सगळा वाद त्यातच मिटेल : ‘चिजेचं’ स्त्रीलिंगी, ‘चीज’ नपुंसकलिंगी.

आणि हो, भावाने ज्यांची नावं घेतली, त्यांच्याबाबत ते वाक्य अक्षरशः खरं आहे. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब उभे केले वसंतराव देशपांडे यांनी. चित्रपटात खाँसाहेबांचा आवाज आहे राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवचा आवाज महेश काळे यांचा. ते अभिषेकीबुवांचे शिष्य, आणि ‘अरुणी किरणी’साठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हरकतीबद्दल थोडक्यात. शब्द एकच, अरबी, मूळ अर्थ हालचाल. गवयाने मूळ अर्थ राखला : स्वरांची चटकन केलेली, डौलदार हालचाल ती हरकत. कचेरीत आणि व्यवहारात त्याच शब्दाचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला, आणि ‘हरकत घेणे’ या एकाच प्रयोगाचे दोन अर्थ उभे राहिले. वकील हरकत घेतो तेव्हा काम थांबतं, गायिका हरकत घेते तेव्हा श्रोता ‘वा’ म्हणतो. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे वागणं, बहुतेकदा वाईट वागणं, म्हणून हिंदी संवाद ऐकताना मराठी कानाची गफलत होते.

‘उस्ताद’ आणि ‘वस्ताद’ हेही एकच. दरबारात आणि मैफलीत उस्ताद, लाल मातीत वस्ताद. ‘तालीम’ या दोघांकडेही चालते, एकाकडे गळ्याची, दुसऱ्याकडे अंगाची, आणि नाटकवाल्यांकडे तिसरीच.

लिहिताना एक लक्षात असू द्या : ‘चीज’मधली ची दीर्घ, पण अनेकवचनात आणि विभक्तीत ती ऱ्हस्व होते. वीट–विटा, जीभ–जिभा, तशी चीज–चिजा. ‘चीजा’ आणि ‘चीजेचा’ असं बरेच जण लिहितात, ते टाळावं. पिझ्झ्यावरचं चीज हा इंग्रजीतून आलेला निराळाच शब्द. तोही आपण नपुंसकलिंगी चालवतो, तेव्हा ‘चीज झालं’ यावर कुणी जेवणाच्या टेबलावर गोंधळलं तर दोष तुमच्या व्याकरणाचा नाही.