बोट धुतलं होतं का?

मधुमेहाबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं

या वेळचे प्रश्न मालवणपासून मंडणगडपर्यंतच्या गावांतून आले आहेत. बहुतेकांच्या घरी ग्लुकोमीटर आहे, रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा तपासणी होते, हे वाचून फार बरं वाटलं. वहीत आकडा मात्र एकटाच लिहिलेला असतो. त्याच्या शेजारी किती वाजता तपासलं, आधी काय खाल्लं, गोळी घेतली की राहिली, हेही लिहा. नुसत्या १८० वरून मला औषध वाढवावं की कमी करावं, काही ठरवता येत नाही.

प्रश्न : मे महिन्यात आई आमरस काढून उठली आणि मी तिची साखर तपासली, तर ३१२! तिने रस चाखलाही नव्हता. अर्ध्या तासाने पुन्हा तपासली तर १५८. मीटर बिघडला का? (देवगड)

मीटर चांगला आहे. पहिल्या वेळी त्याने आईंच्या बोटावरचा आंबाही मोजला. पट्टी जो थेंब ओढून घेते तो जेमतेम मोहरीएवढा. आंबा पिळताना, फणसाचे गरे काढताना बोटाला लागलेली साखर त्यात मिसळली की आकडा दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. सॅनिटायझरने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर नीट निघत नाही. साबणाने हात धुवायचे आणि पंचाने कोरडे करायचे, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. रक्त येत नसेल तर हात थोडा वेळ खाली सोडा, बोट जोरात पिळू नका. हात धुणं शक्यच नसेल, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्या.

हे इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण असाच खोटा आकडा पाहून घरच्यांनी जास्तीचं इन्सुलिन टोचलेल्या एक आजी माझ्याकडे मध्यरात्री आल्या होत्या. घामाने लुगडं भिजलेलं, नातवालाही ओळखेनात. वेळेवर आल्या म्हणून वाचल्या. अचानक भलता आकडा आला, तर आधी हात धुवून पुन्हा तपासा. औषधाला हात लावायचा तो त्यानंतर, आणि डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : मीटरवर १४६, त्याच सकाळी लॅबमध्ये १३३. खरं कुठलं धरायचं? (गुहागर)

दोन्ही. घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. फरक त्याहून जास्त येऊ लागला, तर पट्ट्या बघा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या लवकर खराब होतात. त्या त्यांच्याच डबीत ठेवा, पट्टी काढली की झाकण लगेच लावा. डबी फ्रिजमध्ये नको, चुलीजवळच्या फळीवरही नको. शिवाय तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी लॅबमध्येच करावी लागते, तिला मीटर हा पर्याय नाही.

प्रश्न : भात कमी करा म्हणाले म्हणून रात्री दोन नाचणीच्या भाकऱ्या खातो. तरी जेवणानंतर २२० च्या खाली येत नाही. मग भातच काय वाईट? आणि हापूस अजिबातच नाही का? (मालवण)

नाचणी गुणाची आहे. तिच्यात तंतू आहेत, कॅल्शियम भरपूर आहे. पण ती धान्यच. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, नाचणीत ७० च्या आसपास. हातावर थापलेली आपली जाड भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची होते. दोन भाकऱ्या म्हणजे ९० ग्रॅम कर्बोदकं एका बैठकीत पोटात गेली. नाचणी आहे म्हणून कितीही चालेल, हा समज मला रोज भेटतो.

तुमच्या हातात मीटर आहे, त्यालाच विचारा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा. एका रात्री दोन भाकऱ्या. दुसऱ्या रात्री एकच भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि वाटीभर पालेभाजी. तिसऱ्या रात्री मोजून एक वाटी उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी. चार-पाच दिवसांत तुमच्या शरीराला काय सोसतं ते वहीतच दिसेल. जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत, हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. वय जास्त असेल किंवा साखर एकदम उतरण्याचा त्रास असेल, तर डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात.

हापूस खा. मध्यम आकाराचा अर्धा आंबा म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. तो जेवणावर वरून नको, त्या वेळी भाकरी तेवढी कमी करा. आमरस मात्र नको. वाटीत दोन-तीन आंबे कधी जातात ते कळतही नाही.

प्रश्न : वडील पहाटे होडीवर जातात. साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, शिवाय कुणीतरी दिलेला सप्तरंगीच्या मुळांचा काढाही. हल्ली समुद्रात त्यांना घाम सुटतो, हात थरथरतात. (हर्णै)

हे गंभीर आहे, आजच लक्ष घाला. ग्लिमेपिराइड घेऊन खाणं लांबलं की साखर ७० च्या खाली उतरू शकते. सप्तरंगीनेही साखर कमी होते, म्हणजे दोन्हीकडून ओढ. काढा घेतात हे डॉक्टरांना सांगा, लपवू नका. गोळीची वेळ आणि मात्रा तेच बदलून देतील. तोवर गोळी घेऊन उपाशीपोटी होडीवर पाय ठेवायचा नाही.

झाकणाच्या बाटलीत ग्लुकोज पावडर होडीवर कायम असू द्या. घाम सुटला की तीन चमचे पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा मोदक या वेळी कामाचा नाही, त्यातल्या तुपा-खोबऱ्यामुळे साखर सावकाश चढते. काढा पोटात असेल तर साधी साखरही हळू पचते, म्हणून ग्लुकोजच. बरोबरच्या खलाशांनाही हे सांगून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्न : वादळवाऱ्यात वीज गेली की इन्सुलिनचं काय करायचं? (मंडणगड)

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याकडे किती दिवस अंधार होता, ते विसरणं शक्य नाही. वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे टिकते. नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर बघा. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. एरवी न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वीज नसताना मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत कुपी, असं करून वारा लागेल अशा सावलीत ठेवा. दमट हवेत मडकं उन्हाळ्याइतकं गार होत नाही, तरी पत्र्याखालच्या खोलीपेक्षा बरं. पाण्यासारखं नितळ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टोचू नका.

प्रश्न : सासूबाई लावणीला जातात, ऐकत नाहीत. पायाला मुंग्या येतात, चिखल्याही होतात. (संगमेश्वर)

त्यांना घरी बसवा असं मी सांगणार नाही, लावणी थांबत नाही. पण मुंग्या म्हणजे पायाची जाणीव कमी होते आहे. काटा रुतला तरी त्यांना कळणार नाही. गमबूट चिखलात रुततात हे मला माहीत आहे, तरी बांधावरून जाताना तरी पायात काहीतरी हवंच. घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवून बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने कोरड्या करा. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको. पाय गारठले म्हणून चुलीशी शेकू देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

रात्री तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघा, बेचक्या उघडून बघा. लाली, फोड, पाणी किंवा वास दिसला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पायाला जखम आणि वर ताप असेल, तर शेतात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, लेप्टोचा (चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार लगेच करावा लागतो.