डिअँजेलो एवढा मोठा निओ-सोल (म्हणजे जुन्या कृष्णवर्णीय अमेरिकन सोल संगीतात हिप-हॉप मिसळलेली शैली) गायक, मग त्याचे स्टुडिओ अल्बम तीनच का?

कारण त्याला घाई नव्हती आणि मधे फार सोसावंही लागलं. व्हर्जिनियातल्या रिचमंडचा, वडील पाद्री, त्यामुळे लहानपणापासून चर्चमधे गाणं वाजवणं. १९९५ ला ‘ब्राऊन शुगर’ आला, मग २००० ला ‘वूडू’, त्यातले ड्रमर क्वेस्टलव्हचे ड्रम्स मुद्दाम तालाच्या किंचित मागे रेंगाळतात, हेडफोन लावून ऐकाच! पण एका व्हिडिओत तो उघड्या अंगाने दिसला आणि मग शोमधे लोक गाणं सोडून शर्ट काढ म्हणून ओरडायला लागले, ते त्याला फार लागलं, त्यात दारू, ड्रग्ज, अपघात. जवळजवळ १५ वर्षांनी, डिसेंबर २०१४ मधे ‘ब्लॅक मसाया’ आला, ग्रॅमीही मिळालं. ऑक्टोबर २०२५ ला कॅन्सरने गेला, फक्त ५१ वर्षांचा होता हो.