‘मुभा’ दिली जात नाही, असते

प्रश्न असा आला आहे: “‘सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांना इंटरनेट वापरण्याची मुभा दिली’ हे वाक्य बरोबर आहे का? इथे ‘मुभा’ हवं की ‘परवानगी’? दोन्हींत फरक काय? आणि ‘मुभा’चं लिंग कोणतं?”

वाक्य चूक आहे, आणि ‘मुभा’ काढून ‘परवानगी’ घातलीत तरी चूकच राहील. इंटरनेट कुठे बंद झालं, प्रकरण कोर्टात गेलं, की हे वाक्य बातम्यांत हमखास येतं. त्यात शब्द तर चुकतोच, शिवाय कायदाही डोक्यावर उभा केला जातो. म्हणून जरा चिडूनच लिहितो आहे.

आधी कायद्याचं. या वाक्यामागे बहुतेक वेळा काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्याचा १० जानेवारी २०२० चा निकाल असतो. इंटरनेटच्या माध्यमातून बोलायला आणि व्यापार-व्यवसाय करायला संविधानाच्या कलम १९ चं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असं त्यात म्हटलं आहे. यात न्यायालयाने नागरिकाच्या पदरात नवीन काही टाकलेलं नाही. जे होतं ते आहे असं सांगितलं, आणि कारणं मागितली ती सरकारकडे. तेव्हा तिथे हवा तो शब्द ‘हक्क’, आणि क्रियापद ‘मान्य केला’. ‘इंटरनेट हा मूलभूत हक्क ठरला’ हा मथळाही तितकाच चूक होता. इंटरनेट मिळणं हाच मूलभूत हक्क आहे का, यावर न्यायालयाने मत दिलंच नव्हतं.

आता ‘परवानगी’. फारसी शब्द. परवाना म्हणजे लेखी आज्ञा, आणि परवानगी तिची सख्खी बहीण. पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या शेवटी ‘परवानगी रूबरू’ असा शेरा भेटतो, म्हणजे आज्ञा समक्ष झाली, कारकुनाने आपल्या मनाने काही लिहिलेलं नाही. परवानगीला एक वरचा लागतो, एक खालचा लागतो आणि मध्ये एक क्षण लागतो, ज्याच्या आधी ती नव्हती आणि ज्याच्यानंतर ती आहे. फोनमध्ये एखादं ॲप कॅमेरा मागतं तेव्हा पडद्यावर ‘परवानगी द्या’ असं येतं, ते अगदी योग्य आहे. तिथे हुजूर तुम्ही आहात, अर्जदार ॲप आहे, आणि दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढूनही घेता येते.

‘मुभा’चं सगळंच वेगळं आहे, आणि मला खरं बोलायचं आहे ते याच शब्दाबद्दल.

मूळ अरबी ‘मुबाह’. शेवटचा ह मराठीत पुष्कळदा शेवटी टिकत नाही, तो मागे सरकतो आणि आधीच्या व्यंजनात शिरतो. ‘गुनाह’चा गुन्हा झाला, ‘तरह’ची तऱ्हा झाली, तसाच ‘मुबाह’चा ब हकाराला पोटात घेऊन भ झाला. गुन्हा आणि मुभा हे दोन शब्द कायद्याच्या दोन टोकांचे, पण मराठीत आले ते उच्चाराच्या एकाच वाटेने. ही जोडी माझ्या फार आवडीची आहे.

इस्लामी विधिशास्त्रात माणसाच्या प्रत्येक कृतीची पाच खात्यांपैकी एका खात्यात नोंद होते. करायलाच हवं ते वाजिब. केलं तर चांगलं, नाही केलं तर दोष नाही ते मुस्तहब. ज्याबद्दल आज्ञाही नाही आणि मनाईही नाही ते मुबाह. टाळलेलं बरं, पण केलं तर शिक्षा नाही ते मकरूह. आणि निषिद्ध ते हराम. मुबाह बरोबर मधोमध आहे. तिथे कायद्याला काही म्हणायचं नसतं. पाणी पिणं मुबाह आहे, कारण ते पिऊ नका असं कुणी सांगितलेलं नाही. पुष्कळ शास्त्र्यांनी मान्य केलेला नियमच असा आहे की वस्तूंची मूळ अवस्था मोकळीकीची असते आणि मनाई सिद्ध करण्याचा भार मनाई करणाऱ्यावर असतो. म्हणजे मुबाह ‘मिळत’ नाही. निषेध नसेल तिथे ते आपोआप असतं.

या पाचांतले तीन मराठीत आले. हराम आला, तो शिव्यांत रमला. वाजिब आला आणि ‘वाजवी’ झाला. बंधनकारक हा अर्थ झिजून रास्त, बेताचं असा अर्थ उरला. मुबाह आला आणि मुभा झाला. मुस्तहब आणि मकरूह मात्र आपल्या बोलण्यात रुजले नाहीत. माझं मत असं की हे शब्द मराठीत उतरले ते धर्मचर्चेतून नव्हे, कचेरीतून. कचेरीतल्या कागदाला तीनच गोष्टी कळतात: हे द्यायचंच आहे, हे मोकळं आहे, हे मना आहे. ‘केलंत तर बरं’ आणि ‘टाळलंत तर बरं’ यांची नोंद वहीत कशी करणार? म्हणून अधल्यामधल्या छटांचे दोन शब्द वाटेतच राहिले.

आणि त्यातला एक आज आपल्याला फार हवा आहे. समाजमाध्यमावर तुम्ही काही लिहिता. ते कुणी काढून टाकत नाही, तुमचं खातंही बंद करत नाही. फक्त ते फारसं कुणाला दिसेनासं होतं, सुचवण्यांतून गायब होतं, यादीत खाली सरकतं. हे हराम नाही आणि मुबाहही राहिलेलं नाही. हे मकरूह आहे, आणि ते कुणी ठरवलं, कोणत्या नियमाने ठरवलं, याचा कागद लिहिणाऱ्याच्या हाती येत नाही. या प्रकाराला मराठीत नाव नाही, म्हणून त्याबद्दलची तक्रारही आपल्याला नीट मांडता येत नाही. ‘पोस्ट दाबली’ म्हणतो आपण, आणि समोरचा विचारतो, “दिसते आहे की, दाबली कुठे?” मकरूह उशिरा का होईना, आणावा.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ चं दुखणंही याच दोन खात्यांच्या सरमिसळीचं होतं. २००८ च्या दुरुस्तीने ते कलम आलं. कुणाला चीड येईल, गैरसोय होईल अशा संदेशांपासून अतिशय आक्षेपार्ह मजकुरापर्यंत बरंच काही त्यात कोंबलं होतं, आणि शिक्षा होती ३ वर्षांपर्यंत कैद. चीड आणणारं बोलणं फार तर मकरूह, या कलमाने ते हराम केलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, असं त्या निकालात सांगितलं आहे. आणि कलम १९ मध्ये स्वातंत्र्याला जोडून जे येतात त्यांना आपण मराठीत ‘वाजवी निर्बंध’ म्हणतो. मोकळं बोलायला मुभा, तिच्यावरचे निर्बंध वाजवी: पाच खात्यांतली दोन खाती त्या एका कलमाच्या चर्चेत शेजारी शेजारी येऊन बसली आहेत.

अजून मूळ धातू राहिलाच. ब-व-ह. अरबीत ‘बाह’ म्हणजे उघड होणं, गुपित बाहेर येणं, मनातलं बोलून टाकणं. त्याच धातूचा ‘बाहा’ म्हणजे मोकळं पटांगण, चौक. आणि त्याचंच प्रयोजक रूप ‘अबाह’, म्हणजे उघडं केलं, सर्वांना खुलं केलं. मुबाह म्हणजे ‘खुलं केलेलं’. बोलून टाकणं, मोकळी जागा आणि मोकळीक हे तिन्ही अर्थ एका धातूत आहेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलताना संस्कृतात जोडशब्द घडवावा लागतो. इथे ते सगळं दोन अक्षरांत बसलेलं आहे आणि आपण ते ‘परवानगी’चा पर्याय म्हणून खर्च करतो!

आता शुद्धिवाद्यांकडे वळतो. त्यांचं म्हणणं, मुभा परका, म्हणून ‘अनुज्ञा’ किंवा ‘अनुमती’ म्हणा. रघुनाथपंतांनी शिवकाळात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश केला तेव्हा नव्या राज्याला आपली राजभाषा हवी होती, ते कारण मला मान्य आहे. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ मीही रोज वापरतो. पण अनुज्ञा आणि अनुमती ही परवानगीची भाषांतरं आहेत, मुभेची नाहीत. अनुज्ञा देणारा लागतो, अनुमतीलाही मत देणारा लागतो. मुभा हटवून हे शब्द बसवले की ‘कुणी न देता असलेली मोकळीक’ ही कल्पनाच भाषेतून जाते. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करून अशा शब्दांची मुळं मराठी वाचकापुढे ठेवली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. मी त्यांच्या कोशाच्या बाजूचा. कोशकारांवरही माझा राग आहेच. ‘परवानगी, मोकळीक, सूट’ असे अर्थ ओळीने मांडून मोकळं व्हायचं, ही सवय वाईट. मोकळीक बरोबर, परवानगी घसरलेला अर्थ, आणि सूट तर साफ उलटी. सूट नियमातून मिळते. मुभा असते तिथे नियमच नसतो.

कुणी म्हणेल, ‘मुभा देणे’ इतकं रुळलं आहे, आता कशाला भांडता? रुळलं आहे, खरं आहे. लॅटिनमध्येही तेच झालं. ‘लिकेत’ म्हणजे ‘चालतं, मोकळं आहे’. हे आपल्या ‘उजाडतं’, ‘गडगडतं’सारखं अकर्तृक क्रियापद, देणारा कुणी नाही. त्यापासूनच लायसन्स हा शब्द झाला आणि आज तो कुणाच्या तरी सहीशिवाय मिळत नाही. सरकारी मराठीने त्याला ‘अनुज्ञप्ती’ केलं आणि उरलासुरला मोकळेपणाही घालवला. अर्थ नेहमी असेच मालकाच्या दिशेने घसरतात. म्हणून तर भांडायचं.

फरक नेमका कळायला संगणकवाल्यांकडे जावं, त्यांना तो रोज करावा लागतो. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या जाळ्याचा पहारेकरी; त्याच्या नियमांची यादी लिहिताना शेवटची ओळ महत्त्वाची असते: वरच्या एकाही नियमात न बसणाऱ्याचं काय करायचं? ‘जाऊ दे’ लिहिलं तर ती मुभा. वर नावं घेऊन अडवलेले सोडून बाकी सगळं खुलं. ‘अडव’ लिहिलं तर मुभा संपली, आता वरच्या ओळी म्हणजे परवानग्यांची यादी, जिला व्हाइटलिस्ट म्हणतात. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेलं इंटरनेट जानेवारी २०२० मध्ये टू-जीच्या गतीने परत येऊ लागलं, तेव्हा सोबत अशीच यादी होती. आधी १५३ संकेतस्थळं, काही दिवसांत ३०१. यादी दुप्पट झाली तरी शेवटची ओळ ‘अडव’च होती. यादीतली संकेतस्थळं उघडण्याची परवानगी होती, मुभा नव्हती. ही यादी मार्च २०२० मध्ये गेली, आणि सगळीकडे फोर-जी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

उलट बाजूचं उदाहरण वर्ल्ड वाइड वेबचं. ३० एप्रिल १९९३ ला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं करून टाकलं. त्यानंतर पान बनवायचं, ब्राउझर लिहायचा तर कुणाला विचारायची गरज उरली नाही. हे अक्षरशः मुबाह. मुक्त सॉफ्टवेअरचे जीपीएलसारखे परवाने मात्र वेगळे. तिथे लेखकाचा स्वामित्वहक्क शाबूत असतो आणि त्या हक्काच्या जोरावर तो सर्वांना वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी देतो, अटींसह. परवाना हाच शब्द तिथे बरोबर. ‘पब्लिक डोमेन’साठी मराठीत जे लांबलचक प्रतिशब्द फिरतात त्यांच्याऐवजी मी ‘मुभेत आलं’ म्हणतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लोटली की त्याचं लेखन मुभेत येतं. अर्थ कळायला अडचण येते का कुठे?

तर ‘मुभा’ वापरा, पण ‘असणे’बरोबर: ‘सरकारवर टीका करायची नागरिकाला मुभा आहे.’ ‘देणे’, ‘मिळणे’ लागत असेल तर ‘परवानगी’ घ्या. बंदी उठली असेल तर ‘बंदी उठली’ म्हणा, तितकंच घडलेलं असतं.

लिंगाचं राहिलं होतं. स्त्रीलिंगी, ती मुभा. सामान्यरूप ‘मुभे-’: मुभेचा, मुभेला, मुभेत. हल्ली ‘मुभाची’, ‘मुभाला’ असं छापलेलं दिसतं, ते चूक. सभा, सभेला, तसंच चालवायचं.