पुण्यातल्या ऑफिसात चिअरलीडिंग? चालेल, पण पॉमपॉम एचआरकडेच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खराडीच्या ऑफिसात तुमच्याकडे ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी तीसेक जणांची टीम आहे, एचआरने 'चिअरलीडिंगची तंत्रं वापरून टीमला चार्ज करा' असं सांगितलंय, आणि तुम्हाला दोन शंका आहेत. याने काही फरक पडतो का, आणि पुण्याची माणसं असलं काही करतील का.

दुसरी शंका सोपी आहे, ती आधी संपवतो. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीला एकदा भरत नाट्य मंदिरात जाऊन बसा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा भरवते. एरवी बसमध्ये शेजारच्याला 'जरा सरकता का' म्हणायलाही संकोचणारी पोरं तिथे थिएटर डोक्यावर घेतात. एक जण उठून विचारतो, 'अरे आव्वाज कुणाचा?' आणि मागच्या सगळ्या रांगा कॉलेजचं नाव घेऊन कोसळतात. मी कॉलेजात असताना स्टेजवर कधी गेलो नाही, लेव्हल्स, म्हणजे नेपथ्याचे लाकडी चौथरे, उचलायला होतो, पण ओरडण्यात आम्ही लेव्हल्सवालेच पुढे. तेव्हा 'पुणेकर ओरडत नाहीत' हे विसरा. पुणेकर ओरडतो, फक्त कुणीतरी वरून 'ओरडा' म्हटलं की त्याला आधी त्यामागचं कारण हवं असतं.

त्या आरोळीची रचना नीट बघा, कारण सगळं तंत्र तिच्यातच आहे. पुढे उभा असलेला फक्त अर्धं वाक्य म्हणतो, तेही प्रश्न म्हणून. उरलेलं अर्धं लोकांचं. ते उत्तर सगळ्यांना आधीपासून माहीत असतं आणि मनापासून द्यावंसं वाटतं. आणि पडदा उघडला की तीच पोरं चिडीचूप होतात. ही शांतताही त्या आरोळीचाच भाग आहे, याकडे मी पुढे येतो.

आता मूळ चिअरलीडिंगकडे. आपल्या डोळ्यांसमोर २००८ पासूनचं आयपीएल येतं: चौकार गेला की सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली. तुमच्या एचआरच्या डोक्यातही बहुधा तेच असणार. सुरुवात मात्र वेगळी आहे. १८९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ एकामागून एक सामने हरत होता. जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने त्यांच्याकडून एका तालात आरोळी म्हणवून घेतली. त्या काळी हे काम पुरुषांचंच होतं, मुली आल्या त्या १९२० च्या दशकात. पॉमपॉम, म्हणजे हातातले ते रंगीत झुबके, तर आणखी नंतरचे. आज तो स्वतंत्र खेळ आहे आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली.

यात तुमच्या कामाची गोष्ट एकच: चिअरलीडरचं तोंड लोकांकडे असतं. त्याचा स्वतःचा आवाज किती मोठा याला किंमत नाही, लोकांचा आवाज एका वेळी बाहेर पडला पाहिजे. ऑफिसात नेमकं उलटं होतं. मॅनेजर माइक घेऊन वीस मिनिटं 'वुई आर द बेस्ट' करतो आणि टीम घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवते. याला चिअरलीडिंग म्हणत नाहीत, हे भाषण झालं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. शिफ्ट सुरू होताना लाइनजवळ सगळे उभे राहतात, पाच मिनिटांची मीटिंग होते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा हात पुढे करून सगळे शपथ म्हणतात. तिथे उभं राहून मी अनेकदा पाहिलंय की पन्नास जण एकत्र शपथ म्हणतात तेव्हा निम्म्यांचे नुसते ओठ हलत असतात. हा माणसांचा दोष नाही, हे मोजलं गेलेलं आहे. लताने, विल्यम्स आणि हार्किन्स या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना टाळ्या वाजवायला आणि जिवाच्या आकांताने ओरडायला सांगायचं, आधी एकेकट्याने, मग गटात. दोघे असले की त्यांचा मिळून आवाज दोघांच्या एकेकट्या आवाजांच्या बेरजेच्या ७१ टक्के भरला, चौघांत ५१ आणि सहा जणांत ४० टक्के. काही आवाज एकमेकांत विरतो म्हणून, पण काही माणसं खरंच कमी जोर लावतात म्हणून. पुढच्या प्रयोगात असंही दिसलं की ज्याचा त्याचा आवाज ओळखू येणार असेल, तर हा आळस जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून 'संपूर्ण टीमचं हार्दिक अभिनंदन' हा मेल कुणाचंच अभिनंदन करत नाही. तो शुक्रवारी संध्याकाळी येतो, तीस जण अंगठा देतात आणि विसरतात. त्याऐवजी प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर टीमला माहीत आहे. आमच्याकडे मीटिंगला एक ऑपरेटर विचारतो, 'काल माल कुणी अडवला?' आणि लाइन नाव घेते. 'अडवला' म्हणजे खराब जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पुढे जाऊ दिला नाही. त्या माणसाने गेज लावला, म्हणजे माप तपासलं, शंका आली, लाइन थांबवली, सुपरवायझरची कुरकुर ऐकून घेतली. त्याचं नाव वीस जणांच्या तोंडून निघतं. मी किंवा मॅनेजर एक शब्द बोलत नाही. सुरुवातीला कुणीतरी मागून 'काल पंखा कुणी बंद ठेवला?' असंही विचारायचं आणि हशा व्हायचा. होऊ द्यावा. पुण्यात टोमणा येतोय म्हणजे माणसं ऐकतायत. कुणाचं नाव घेण्यासारखं नसेल त्या दिवशी नाव घेऊ नका, नाहीतर आठवड्याभरात त्याची आरती होते.

तुमच्या टीमला हा प्रश्न तसाच लागू पडेल. 'काल फोन न आपटता कुणी ऐकून घेतलं?' असा काहीतरी. तो तुम्ही ठरवू नका, जुन्या माणसांना ठरवू द्या.

आता शांततेकडे. योगायोग असा की कॅम्पबेलच्याच वर्षी, १८९८ मध्ये, नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सायकलस्वारांवरचा निबंध छापला: एकटा चालवणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने चालवणारा जोरात जातो. पुढे कित्येक वर्षं इतरांच्या प्रयोगांचे निष्कर्ष उलटसुलट यायचे, कधी लोकांसमोर काम सुधारायचं, कधी बिघडायचं. १९६५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने त्याचा उलगडा केला. हातात बसलेलं काम बघणाऱ्यांसमोर सुधारतं, नवं किंवा अवघड काम बिघडतं. नवा ट्रेनी पहिल्यांदा टूल बदलत असताना मागे चार जण 'शाब्बास, शाब्बास' करत उभे राहिले की तो बोल्ट उलटा फिरवतो. मी त्या चार जणांना चहाला पाठवतो. तुमच्याकडे एखादी नवी मुलगी पहिल्यांदा भडकलेल्या ग्राहकाशी बोलत असेल, तर तिच्या खुर्चीमागे जमाव नको, स्क्रीनवर फुगे नकोत. सगळ्या टीमचा रोजचा ठरलेला आकडा गाठायचाय, काम पाठ आहे, शेवटचा तास आहे, तेव्हा खुशाल आवाज करा. ज्या ऑफिसात दर विक्रीला घंटा वाजवतात तिथे जुन्यांना मजा येते आणि नव्यांचा घसा कोरडा पडतो, त्यामागे हेच आहे.

पण खरं शिकण्यासारखं तंत्र आरोळीत नाही, उचलण्यात आहे. ते एचआरच्या स्लाइडवर सहसा नसतं. चिअरलीडिंगच्या स्टंटमध्ये वर जाते ती फ्लायर, फोटोत तीच दिसते. खाली दोन बेस तिचे पाय धरतात. आणि मागे एक बॅक स्पॉट असते. तिची नजर सतत फ्लायरवर, प्रेक्षकांकडे नाही. बहुतेक वेळा मोजणीही तीच मोठ्याने करते, आठाच्या ठेक्यावर, म्हणजे सगळ्यांचं वजन एकाच क्षणी वर जातं. फ्लायर घसरली तर तिचं डोकं आणि खांदे झेलणं हे तिचं पहिलं काम. हे पडल्यावर ठरवत नाहीत, कोण कुठे उभं राहणार हे उचलण्याआधीच ठरलेलं असतं.

हे ऑफिसात आणा. सोमवारी परदेशातल्या क्लायंटसमोर तुमच्यातला एक जण आकडे मांडणार आहे. तो फ्लायर. त्याला आकडे काढून देणारे दोघे बेस. बॅक स्पॉट कोण? बहुतेक टीममध्ये कुणीच नसतं. क्लायंटने वाकडा प्रश्न विचारला की सगळे म्यूटवर जातात आणि तो बिचारा एकटा लोंबकळतो. आधीच सांगून ठेवा: 'अडकलास की मी बोलेन, तू थांब.' एवढं एक वाक्य कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त धीर देतं. आणि मीटिंग संपल्यावर फोटो फ्लायरचा निघतो, तेव्हा बेसची नावं घेणं हे तुमचं काम. आमच्याकडे कस्टमर ऑडिट झालं की शाबासकी प्रेझेंटेशन देणाऱ्याला मिळते. रात्रभर रॅकवरचे टॅग तपासणारा स्टोअरचा माणूस तेव्हा घरी झोपलेला असतो. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच्या शिफ्टला जाऊन सांगावं लागतं. मेलवर नाही, तो मेल बघत नाही.

मोठ्याने मोजण्यालाही कमी लेखू नका. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक समोरचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून बोलायची पद्धत आहे, आणि तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या चाचणीत साध्या कामातल्या चुका शंभरामागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. कामाचा शब्द तोंडातून बाहेर पडला की डोकं हजर राहतं. तुमच्याकडे शिफ्ट बदलताना प्रलंबित तक्रारी एकाने वाचायच्या आणि घेणाऱ्याने नंबर परत म्हणायचा, एवढं करून बघा. हे कुणाला चिअरलीडिंग वाटणार नाही, म्हणूनच टिकेल.

आणखी एक. मैदानावर चिअरलीडरांकडे आपला संघ चढाईवर असतानाच्या वेगळ्या आरोळ्या असतात आणि बचावात असतानाच्या वेगळ्या. चेंडू समोरच्यांकडे असताना 'गोल करा' ओरडणाऱ्याला खेळ कळत नाही हे लगेच दिसतं. सिस्टीम बंद पडलीय, रांगेत चारशे तक्रारी साचल्यात आणि वरून 'लेट्स रॉक इट' असा मेसेज येतो, तेव्हा टीमला हेच कळतं, की याला खेळ कळत नाही. त्या वेळी कामाची आरोळी म्हणजे दर तासाला उरलेला आकडा सांगणं आणि जेवण मागवलंय हे सांगणं.

काही गोष्टी मात्र करू नका. कुणालाही ओरडायला भाग पाडू नका. न बोलणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असतात आणि बरेचदा बेस तीच असतात. आयपीएलची नक्कल म्हणून टीममधल्या मुलींना नाचायला तर अजिबात लावू नका. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट ज्या मुलीला नको आहे तिच्यासाठी गंमत नसते, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती तुमच्याही कंपनीत असेल. आणि पगारवाढ अडकलीय, दोघांचं काम एकावर आलंय, कॅब रात्री अकरानंतर येत नाही, असं असेल तर आरोळी हे त्यावरचं औषध नाही. उलट लोक ती आरोळीच तुमच्याविरुद्ध वापरतील, आणि पुण्यातली पोरं शब्द फार चांगले फिरवतात.

एचआरला मी असं सांगेन: पॉमपॉम आणि टी-शर्टचं बजेट आहे ना, ते रात्रीच्या कॅबला वळवा. सकाळच्या पाच मिनिटांत टीम स्वतः एक प्रश्न ठरवेल आणि विचारणारा रोज बदलेल. क्लायंटसमोर जाणाऱ्या प्रत्येकामागे एका बॅक स्पॉटचं नाव कॅलेंडरच्या आमंत्रणातच लिहिलेलं असेल. महिनाभर चालवा, आणि त्या महिन्यात मॅनेजरला मीटिंगमध्ये माइक देऊ नका.