वर्गणी, मुदत खरेदी आणि बाबांचं दुकान

या महिन्याच्या पत्रांत लॉच्या विद्यार्थ्यांचीच पत्रं जास्त निघाली. परीक्षा तोंडावर आल्या की असं होतंच. करार, मालमत्ता आणि कंपनी या तीन विषयांवरची चार पत्रं उत्तरासाठी घेतली आहेत. मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवते आणि संध्याकाळी लॉ कॉलेजात शिकवते. त्यामुळे उत्तरांत फळा आणि कोर्ट दोन्ही डोकावणार, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : बाई, मी पाच वर्षांच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कराराचा कायदा गाईडमधून वाचून काढला. कलमं तोंडपाठ आहेत, पण प्रॉब्लेमचा प्रश्न आला की हातपाय गळतात. त्यात खटले सगळे विलायतेतले. सर्दीवर धुराचा गोळा विकणारी कंपनी, गिरणीचा मोडलेला दांडा. हे आपल्याशी जोडायचं कसं?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : गाईड फेकून दे असं मी म्हणणार नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच कामाला येतं. पण आधी मूळ कायद्याचं पुस्तक घे आणि कलमांखाली दिलेली उदाहरणं वाच. १८७२ चा हा कायदा करणाऱ्यांनी ती मुद्दाम घातली आणि गाईडवाले नेमकी तीच गाळतात. कलम ५६ खाली जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार आहे, तो अर्थातच रद्दबातल. कलम १६ खाली तर गावचा सावकारच बसलाय. कर्जात बुडालेल्या माणसाने त्याच सावकाराकडून जाचक अटींवर नवं कर्ज घेतलं, तर दबाव टाकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. यात विलायतेचं काय आहे? हा माणूस तुमच्या बार्शीतही सापडेल.

राहिली खटल्यांची गोष्ट. आपले खटले भरपूर आहेत, फक्त ते जोडीने वाचायचे. १८८६ चा कलकत्ता हायकोर्टातला केदारनाथ भट्टाचार्जी विरुद्ध गोरी महोमद घे. हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता. वर्गणीच्या यादीवर एकाने १०० रुपयांची सही केली. वर्गण्यांच्या भरवशावर कमिशनरांनी कंत्राटदाराला काम दिलं आणि हा गृहस्थ पैसे देईना. कोर्टाने द्यायला लावले. आता त्याच्या शेजारी १९१४ चा अलाहाबादचा अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली ठेव. मशिदीच्या कामासाठी ५०० रुपये कबूल केले होते, पण त्या कबुलीवर पुढे कोणी काहीच केलं नव्हतं. पैसे मिळाले नाहीत.

वर्गणी दोन्हीकडे आहे, मग फरक कुठे पडला? तुमच्या गल्लीच्या गणपती मंडळाकडे ये. एका व्यापाऱ्याने आकडा लिहिला, ५००१. कार्यकर्त्यांनी त्या जोरावर मांडववाल्याला इसार दिला, तर मंडळ हावड्याच्या बाजूला जातं. नुसता आकडा वहीत पडून राहिला आणि मांडव दरवर्षीचाच लागला, तर अलाहाबादच्या. वचनावर विसंबून समोरच्याने काय केलं, हा प्रश्न प्रॉब्लेममधल्या प्रत्येक पात्राला विचार. उत्तरपत्रिकेचा पहिला परिच्छेद तिथेच तयार होतो. (मंडळाने खरंच दावा लावावा असं मी सुचवत नाही. पुढच्या वर्षी त्याच दुकानात वर्गणीला जायचं असतं.)

आणखी एक. कलम २ (ड) मधले ‘किंवा अन्य कोणी व्यक्ती’ हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर. मोबदला वचन घेणाऱ्यानेच दिला पाहिजे असं आपल्याकडे नाही. चिन्नय्या विरुद्ध रामय्या, मद्रास, १८८२ : आईने मुलीला जमीन बक्षीस दिली, मुलीने आईच्या भावंडांना सालाना रक्कम देण्याचं लिहून दिलं आणि पुढे नाकारलं. मोबदला आईकडून आलेला, तरी करार टिकला. विलायतेत त्या काळी टिकला नसता. परीक्षक इथे हमखास फसवतो.

प्रश्न : आम्ही तीन मित्र पुण्यात फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. पुस्तकात आहे की एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही. एजंट मात्र ११ महिन्यांच्या कराराच्या नोंदणीचे पैसे मागतोय. खरं कोण?
— तृतीय वर्षाचा विद्यार्थी, मूळ गाव लातूर

उत्तर : या वेळी एजंट खरा आहे. असं रोज घडत नाही. तुमचं पुस्तक १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०७ सांगतंय. सालोसालचा किंवा एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, आणि ११ महिन्यांची पद्धत त्यातूनच निघाली. पण तुम्ही सही करताय तो भाडेपट्टा नाही, लीव्ह अँड लायसन्स आहे. त्यात मालमत्तेतला हक्क तुमच्याकडे येतच नाही, राहायची परवानगी तेवढी मिळते. त्याची व्याख्या १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे. म्हणजे १०७ इथे लागूच होत नाही.

वर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की पाचचा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल तुम्ही सांगाल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्च कोणी सोसायचा ते आपसात ठरवा. पेपरात हा प्रश्न आला तर केंद्राच्या कायद्यावर थांबू नका. राज्याचं कलम लिहिलेली उत्तरपत्रिका गठ्ठ्यात लगेच उठून दिसते.

प्रश्न : मी सहकारी संस्थेतून निवृत्त झालो आणि हौसेने तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेतला. वर्गात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८ (क), म्हणजे विक्रीच्या रूपातलं गहाण, शिकवलं आणि घरचं एक प्रकरण आठवलं. १९७० साली माझ्या चुलत आजोबांनी सव्वा एकराची मुदत खरेदी लिहून दिली होती. पाच वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत, असं ठरलेलं. ते जमलं नाही. घरात आजही म्हणतात, ‘ती आपली गहाण पडलेली जमीन.’ हे गहाण होतं की विक्री? आणि आता काही करता येईल का?
— एक ज्येष्ठ विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्राने मला बरं वाटलं, कारण सगळ्या वर्गाला हे कलम झोप आणतं आणि आपल्याकडच्या निम्म्या जुन्या भांडणांच्या मुळाशी हेच असतं. सावकाराला व्याज घ्यायचं असे आणि कागदावर कर्ज दिसायला नको असे. म्हणून वरून खरेदीखत, आतून गहाण.

पहिलं काम, दस्ताची प्रमाणित नक्कल मिळवा. दुय्यम निबंधक कार्यालयात तारीख आणि नावावरून सूची क्रमांक २ चा शोध घेता येतो. फेरफारावर विसंबू नका. तलाठ्याने ‘मुदत खरेदी’ असं लिहिलं असेल, सातबाराच्या इतर हक्कांत शेराही असेल, पण महसुली नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही. ही नोंद महसूल वसुलीसाठी असते, हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलं तरी पक्षकार पहिल्यांदा सातबाराच टेबलावर आपटतो.

नक्कल हातात आली की एकच पाहा. जमीन परत देण्याची अट खरेदीखतातच आहे की वेगळ्या कागदावर? १९२९ च्या दुरुस्तीने कलम ५८ (क) ला परंतुक जोडलं : अट त्याच दस्तात नसेल तर व्यवहार गहाण मानायचाच नाही. पूर्वी लोक साध्या खरेदीनंतर वर्षानुवर्षांनी उठून तोंडी अटीचे दावे लावत, त्याला आळा घालायला हे आलं. म्हणजे वेगळ्या स्टँपवर परतीचा करार असेल तर ती विक्री, आणि सोबत फेरखरेदीचा करार. त्यात मुदत काटेकोर असते. १९७५ ला पैसे दिले नाहीत, विषय संपला.

पण अट त्याच कागदात असली म्हणून गहाण आपोआप ठरत नाही, हे मुलं नेहमी विसरतात. मग उद्देश बघायचा आणि तो कागदाच्या शब्दांत शोधायचा. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली, १९५४, हा सुप्रीम कोर्टाचा निवाडा त्यासाठी वाचा, मोठा नाही. कोर्टासमोर आम्ही विचारतो ते प्रश्न असे. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी होती का? आधीचं देणं होतं का? जमीन कोण कसत राहिलं, शेतसारा कोणी भरला? मोबदल्यातला काही भाग जुनं कर्ज फेडायला गेला का? बाजारात २००० ला जाणारी जमीन ७०० ला ‘विकली’ आणि विकणाराच ती कसतोय, असं दिसलं तर न्यायाधीशाच्या भुवया उंचावतात.

गहाण ठरलं की चित्र पालटतं. एकदा गहाण ते कायम गहाण. मुदत टळली म्हणून सावकार आपोआप मालक होत नाही, त्याला कोर्टाचा हुकूमनामा आणावा लागतो. सोडवून घेण्याचा हक्क कलम ६० मध्ये आहे आणि तो अटी घालून मारता येत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते, आणि इथे मी गोड बोलणार नाही. गहाण सोडवायच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६१ प्रमाणे ३० वर्षं मिळतात, सोडवण्याचा हक्क सुरू झाल्यापासून. तुमचा १९७५ ला सुरू झाला धरला तर २००५ ला संपला. मधल्या काळात सावकाराच्या घरच्यांनी सहीनिशी गहाण कबूल केल्याचं पत्र असेल तर ती वर्षं नव्याने मोजता येतात. तसं काही नसेल तर विक्री म्हणा नाहीतर गहाण, दार बंद आहे. ताबेगहाण, म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात आणि तिचं उत्पन्न व्याजापोटी त्याला, असं असतं तर गोष्ट वेगळी होती. सिंग राम विरुद्ध शेओ राम, २०१४, वाचा; त्यात नुसती ३० वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही. पण मुदत खरेदी म्हणजे ताबेगहाण नव्हे. तेव्हा दाव्याच्या भानगडीत पडू नका. त्या कागदावर वर्गात एक सेमिनार मात्र जरूर द्या. प्राध्यापकही टिपणं काढतील.

प्रश्न : आमचं जालन्याला किराणा आणि तेलाचं होलसेल दुकान आहे. सीए म्हणतात, प्रायव्हेट लिमिटेड करा. मी कंपनी कायदा शिकतोय म्हणून बाबांनी मला विचारलं, ‘म्हणजे दुकान माझंच राहणार ना?’ मला सालोमनचा खटला पाठ आहे, पण बाबांना काय सांगू?
— शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : बाबांचा प्रश्न परीक्षकापेक्षा सरस आहे. उत्तर : नाही, राहणार नाही. शेअर बाबांचे, दुकान कंपनीचं.

१८९७ चा सालोमन तुला फायद्याची बाजू शिकवतो. कंपनी वेगळी व्यक्ती, तिची देणी तिची. त्याची दुसरी बाजू १९२५ च्या मकॉरा खटल्यात आहे. मकॉराने आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, बहुतेक सगळे शेअर त्याचेच, पण विमा काढला स्वतःच्या नावावर. लाकूड जळालं. विमा कंपन्या म्हणाल्या, तुझं काय जळालं? हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचं ऐकलं. आपल्या सुप्रीम कोर्टाने बाचा गझदर खटल्यात तेच तत्त्व लावलं. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता. भागधारक बाई म्हणाल्या, मग माझा लाभांशही तेवढा शेतीचाच. कोर्ट म्हणालं, मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही.

आणि कंपनीच्या पडद्याआड लपून कर वाचवू म्हणशील तर मुंबई हायकोर्टाचा १९२७ चा दिनशा माणेकजी पेटिट वाच. चार खासगी कंपन्या काढल्या, लाभांश आणि व्याज त्यांच्यात जमा केलं आणि तेच पैसे ‘कर्ज’ म्हणून स्वतःकडे घेतले. कोर्टाने पडदा बाजूला सारला.

२०१३ च्या कायद्यात ४७० कलमं आहेत, ती सगळी बाबांपुढे मांडू नकोस. तीन गोष्टी सांग. गल्ल्यातून घरखर्चाला नोटा काढायची सवय बंद, तो पैसा आता कंपनीचा. बँक कॅश क्रेडिट देताना बाबांची वैयक्तिक हमी घेणारच, म्हणजे मर्यादित जबाबदारीचा मोठा फायदा तिथेच हातचा जातो. आणि दुकानाची जागा भाड्याची असेल तर कंपनी काढण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर पोटभाडेकरू घातला म्हणून तो दावा टाकेल. असे दावे मी दोन्ही बाजूंनी चालवलेत, त्यात वर्षं जातात.

एवढं करूनही कंपनी काढायची ठरली, तर गोदामाची विमा पॉलिसी त्याच आठवड्यात कंपनीच्या नावावर करून घ्या. तेलाचं गोदाम आहे तुमचं.