श्रावणात मासळी नाही, डाळ सोसत नाही. मग प्रथिने कोठून आणावीत?

(वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : मी ४२ वर्षांची शिक्षिका असून डिचोली तालुक्यात राहते. दोन वर्षांपूर्वी मला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, असल्याचे निदान झाले. पोटात कळ येणे, जेवल्यावर पोट फुगणे आणि सकाळी शाळेला निघण्याआधी तीन-चार वेळा शौचास जावे लागणे, असा त्रास होता. आतड्याची दुर्बिणीची तपासणी आणि थायरॉइडची तपासणी निर्दोष आली. पुढे एका परिचितांनी दिलेल्या यादीप्रमाणे मी गहू, कांदा, लसूण, दूध आणि सगळ्या डाळी-कडधान्ये बंद केली. अंडी उष्ण पडतात असे ऐकून तीही सोडली. त्रास निम्म्याहून कमी झाला, पण आठ महिन्यांत वजन ५५ किलोंवरून ५० किलोंवर आले, केस गळू लागले आणि जिना चढताना पाय भरून येतात. सकाळी उकड्या तांदळाची पेज व लोणचे, दोन्ही वेळा भात व भाजी आणि आठवड्यातून तीन दिवस मासळीचे हुमण (नारळाच्या रसातील आमटी), असा माझा आहार आहे. दिवसाला साधारण २०० ग्रॅम तांदूळ माझ्या पोटात जातो. श्रावण लागला की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत आमच्या घरी मासळी शिजत नाही. त्या दिवसांत प्रथिनांचे काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा पाच किलोंचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आयबीएसमुळे सहसा वजन उतरत नाही. तुमचे वजन खाणे कमी झाल्यामुळे उतरले असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही ते तसेच आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांना हे नव्याने सांगावे आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२ व सीलिॲक रोगासाठीची रक्ततपासणी यांविषयी विचारावे. सीलिॲक हा गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणारा वेगळा रोग असून त्याची लक्षणे आयबीएससारखीच दिसू शकतात. अडचण अशी की गहू सोडल्यावर ही तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. ती करण्यापूर्वी काही आठवडे गहू पुन्हा खावा लागतो. यादी देणाऱ्या परिचितांनी हे सांगितले नसणार. शौचातून रक्त जाणे, ताप येणे किंवा रात्री झोपेतून उठून शौचास धावावे लागणे, यांपैकी काहीही असल्यास आहाराचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

आता त्या यादीविषयी. वर्णनावरून ती ‘लो फॉडमॅप’ आहाराची अर्धवट प्रत दिसते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी हा आहार विकसित केला. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या काही साखरा (त्यांनाच फॉडमॅप म्हणतात) मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्या आंबवून वायू निर्माण करतात, शिवाय या साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात, आणि संवेदनशील आतड्याला तो ताण कळ बनून जाणवतो, असा त्यामागचा विचार आहे. गहू, कांदा व लसूण यांतील फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातील लॅक्टोज, काही फळांतील जास्तीचे फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलसारखे पदार्थ ही या साखरांची मुख्य कुळे होत. या नामावलीत प्रथिन कोठेही नाही. तुमच्या आतड्याचे भांडण डाळीतल्या प्रथिनाशी नसून त्याच्या सोबतीने येणाऱ्या साखरेशी आहे, आणि ही जोडी बऱ्याच प्रमाणात फोडता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे हा आहार तीन टप्प्यांचा असतो. कडक पथ्याचा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक गट परत आणून काय सोसते हे पाहावयाचे आणि शेवटी केवळ न सोसणाऱ्या वस्तूंपुरते पथ्य ठेवावयाचे. तुम्ही पहिल्याच टप्प्यात आठ महिने थांबला आहात. यात प्रथिने कमी पडतात, आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना लागणारे अन्नही तुटते.

हिशेब मांडून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोंना हे सुमारे ४२ ग्रॅम झाले; पण ज्यांची प्रथिने मुख्यतः तांदळासारख्या धान्यातून येतात, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावे, म्हणजे तुम्हाला ५० ग्रॅम हवीत. २०० ग्रॅम तांदळातून १५-१६ ग्रॅम मिळतात, भाजी आणि नारळातून पाच-सहा. एका मध्यम बांगड्याचे काटे-डोके वगळता ७०-७५ ग्रॅम मांस निघते आणि त्यातून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे मासळीच्या दिवशी तुम्ही ३५ पर्यंत पोहोचता आणि उरलेल्या चार दिवशी २१-२२ वर थांबता. पेज पोटाला हलकी असते हे खरेच, परंतु लोणच्याबरोबर घेतलेल्या पेजेत प्रथिने नावापुरतीच असतात.

मासळी चालते तोवर मार्ग सोपा आहे, कारण मासळी, अंडी आणि कोंबडी यांत फॉडमॅप साखरा नसतातच. त्रास होतो तो सोबतच्या वस्तूंनी. मासळीला लावला जाणारा रवा गव्हाचा असतो. त्याऐवजी तांदळाचे पीठ लावावे आणि तेल बेताचे वापरावे, कारण तळलेल्या, स्निग्ध जेवणाने आतड्याची हालचाल अचानक वाढते. रेशाद या तिखट-आंबट लाल मसाल्यात लसूण व मिरची भरपूर असते, म्हणून तूर्त तो टाळावा. आपल्याकडे तेफळे घालून केले जाणारे बांगड्याचे हुमण मात्र अनेक घरांत कांदा-लसणीशिवायच होते. त्यात मिरची निम्मी करावी आणि नारळाचा रस माफक ठेवावा, इतके पुरे. लसणीचा स्वाद हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून, पाण्याचा थेंबही पडण्याआधी काढून टाकाव्यात. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच साठवलेली, सुकी मासळी कामी येते, पण तिच्यातील मीठ लक्षात घेऊन ती तोंडी लावण्यापुरतीच असावी.

अंड्यांवरचा उष्णतेचा आरोप आयबीएसच्या बाबतीत निराधार आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि तांदळाचे घावन घेतले, तर शाळेची घंटा होण्याआधीच दिवसाचा चौथा हिस्सा पदरात पडतो. ज्यांना अंडी खरोखरच सोसत नाहीत असे काही रुग्ण असतात. तुम्ही एका अंड्याने सुरुवात करून स्वतःच पाहावे.

श्रावणाचा प्रश्न अवघड आहे, कारण त्या महिन्यात घराघरांत जे शिजते ते म्हणजे अळसांद्यांचे (चवळीच्या जातीच्या कडधान्याचे) तोंडाक म्हणजे रस्सा, चण्याचा रोस, वाटाण्याची पातळ भाजी आणि तिच्याबरोबर पाव. आयबीएसच्या रुग्णाला नको असलेले जवळजवळ सारे एकाच पानात येते. मात्र याच महिन्यात मुगागाठीही (मोड आलेल्या मुगाची नारळातील भाजी) होतात, आणि ही पाककृती मला फार उपयोगाची वाटते. मूग रात्रभर भिजवून पाणी टाकले जाते, तेव्हा विरघळणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. मोड येताना अंकुर उरलेल्यांपैकी बरीच साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरतो. शेवटी साली काढल्या जातात, त्यामुळे चोथाही कमी होतो. शिवाय हा पदार्थ कांदा-लसणीविना होतो. त्यात काजू तेवढे घालू नयेत, कारण काजूत या साखरा भरपूर असतात. गोव्यात राहून काजू टाळावयास सांगणे क्रूरपणाचे आहे, याची मला जाणीव आहे! शिजलेल्या मुगाचे प्रमाण आरंभी तीन-चार चमच्यांपुरते ठेवून आठवड्याभराने वाढवावे. मसूरडाळही याच रीतीने भिजवून, पाणी बदलून शिजवता येते.

दुधाविषयी घाबरण्याचे कारण त्याहून कमी आहे. पनीर करताना लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. ७५ ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. बाजारात मिळणाऱ्या लॅक्टोजमुक्त दुधातही प्रथिने साध्या दुधाइतकीच असतात, म्हणजे ३०० मिलिलिटरमध्ये ९ ते १० ग्रॅम. सोयाबीनपासून केलेला टोफू पणजी, म्हापसा, मडगाव येथील मोठ्या दुकानांत मिळतो. तो घट्ट, दाबून पाणी काढलेला असावा, कारण साखर त्या पाण्याबरोबर जाते, तर मऊ, रेशमी टोफूत ती शिल्लक राहते. १०० ग्रॅम घट्ट टोफूतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने धरावीत. भाजलेले शेंगदाणे मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, घेतल्यास आणखी ७ ग्रॅमची भर पडते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत जे काही प्रथिन असते ते शेंगदाण्याच्या कुटाचेच असते, तेव्हा कुटात काटकसर करू नये.

पनीर, लॅक्टोजमुक्त दूध, शेंगदाणे, थोडे मूग आणि रोजचा भात एवढे मिळून टोफू नसतानाही ५० ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. हे सर्व एकाच जेवणात न घेता तीन-चार वेळांत विभागावे. भरगच्च जेवण हेच आयबीएसच्या रुग्णाला पुष्कळदा बाधते.

पथ्यातील वस्तू परत आणताना क्रम तुमच्या गरजेप्रमाणे लावावा. बहुतेक जण कांद्यापासून सुरुवात करतात, कारण जीभ त्याच्यासाठी आसुसलेली असते. तुम्ही मात्र दूध आणि कडधान्ये आधी तपासावीत, कारण प्रथिनांची दारे तीच आहेत. बाकीचे पथ्य कायम ठेवून पहिल्या दिवशी पाव कप साधे दूध, दुसऱ्या दिवशी अर्धा कप, तिसऱ्या दिवशी एक कप घ्यावे व त्रास वहीत नोंदवावा. मग तीन दिवस विश्रांती घेऊन त्याच रीतीने अळसांदे तपासावेत. पाव कप सोसले आणि एक कप सोसले नाही, तर उत्तर ‘पाव कप’ हे आहे. ‘दूध बंद’ हे नव्हे. आहारतज्ज्ञांची प्रत्यक्ष देखरेख मिळाली तर हे काम अधिक नेमके होईल.

प्रश्न : माझे वय २६ वर्षे असून मी मडगावला राहतो. मलाही आयबीएस आहे. व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून मी प्रथिनांची पावडर दूध व केळ्याबरोबर घुसळून घेतो, आणि तासाभरात पोट नगाऱ्यासारखे होते. पावडर बंद करू का?

उत्तर : आधी दूध आणि केळे बंद करून पाहावे. पूर्ण पिकलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढलेले असते आणि दुधात लॅक्टोज असतेच, त्यामुळे पावडरीवर आळ घेण्यापूर्वी तिची संगत तपासणे न्यायाचे ठरेल. अर्धे माप नुसत्या पाण्यात घ्यावे. तरीही पोट फुगले तर डब्यावरील घटकांची यादी वाचावी. ‘व्हे’ म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिन; ‘व्हे कॉन्सन्ट्रेट’मध्ये लॅक्टोज बऱ्यापैकी असते, ‘आयसोलेट’मध्ये अत्यल्प असते. त्याशिवाय इन्युलिन, चिकोरीचे मूळ, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा झायलिटॉल यांपैकी काही दिसले, तर तो डबा तुमच्या कामाचा नाही. ‘शुगर फ्री’ या दोन शब्दांआड ही मंडळी अनेकदा दडलेली असतात. प्रथिनांच्या वड्यांनाही हेच लागू पडते. एका मापातून जी २०-२५ ग्रॅम प्रथिने मिळतात, ती १०० ग्रॅम शिजवलेल्या कोंबडीतूनही सहज मिळतात, आणि तिच्या डब्यावर काही वाचावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६७ असून तिला अनेक वर्षांपासून बद्धकोष्ठतेचा आयबीएस आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंडी व मासळी वाढवल्यापासून पोट अधिकच कोंडते. प्रथिने कमी करावीत का?

उत्तर : कमी करू नयेत, या वयात स्नायू टिकवण्यासाठी त्यांची गरज अधिक असते. अंडी आणि मासळीत चोथा मुळीच नसतो, आणि बहुधा त्यांनी पानातील भाजीची जागा घेतली असावी. ती भाजी परत आणावी, पिकलेल्या पपईच्या दोन फोडी द्याव्यात आणि गव्हाचा कोंडा टाळून इसबगोल वापरावे. कोंड्याने आयबीएसमध्ये वायू व दुखणे वाढू शकते, इसबगोलाचा विरघळणारा चोथा त्या मानाने सौम्य असतो. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून दर वेळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे, आणि इतर औषधे व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. कोंडण्याचे स्वरूप एकाएकी पालटले असेल, तर मात्र हे उपाय करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.